मिठाचं माप

आमच्या सासूला लिहिता-वाचता येत नाही, आणि मला सातवीत असताना चर्चच्या रविवारच्या शाळेत 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' या मिठाच्या वचनावर बोलल्याबद्दल पहिलं बक्षीस मिळालं होतं. स्टीलचा डबा. तेव्हा आम्हां दोघींत मीठ कुणाला जास्त कळतं, असं लग्न होऊन आले त्या वर्षी कुणी विचारलं असतं, तर मी बेधडक स्वतःकडं बोट केलं असतं. शहाणी होते ना!

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लग्न करून आले ती गडहिंग्लजच्या पुढच्या या गावात, जिथं ख्रिस्ती घरं मोजून तीन. नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला. शनिवारी संध्याकाळच्या यष्टीनं येतो, सोमवारी उजाडायच्या आत जातो. बाकीचे दिवस मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे सासू. गाव तिला बायडाबाई म्हणतं. बाप्तिस्म्याचं नाव रिबका आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागं वळूनसुद्धा बघत नाही.

आत्ती गावच्या जेवणावळींना स्वयंपाकाला जाते. तिघांची टोळी आहे. केरबाआण्णा चूल बघतात, नजीराचाची मसाला भाजते-कुटते, आणि आत्ती मीठ टाकते. नुसतं मीठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. मीठ टाकणं हे काय काम झालं? मग पहिला उरूस बघितला आणि माझं हसू जिरलं.

आमच्याकडं चैत्रात पिराचा उरूस असतो. पीर मुसलमानांचा, मानकरी मराठे, आणि जेवायला अख्खं गाव. पाच पातेली मटण शिजतं. पिराला निवद दाखवल्याशिवाय त्यातलं कुणी चाखायचं नाही, हा रिवाज. बोटाला लागलेला रस्सासुद्धा चाटायचा नाही, पदराला पुसायचा. म्हणजे पाचशे माणसांचं जेवण एकदाही न चाखता शिजवायचं. तिखट कमी-जास्त झालं तर चालून जातं. मीठ चुकलं तर सगळं गेलं. बावीस वर्षं ते मीठ आत्तीच्या हातनं पडत होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

माझ्या तिसऱ्या उरसाच्या आधी आठ दिवस तिनं नेहमीसारखं खडेमीठ अंगणात वाळत घातलं. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. मीठ वाळलं की ती पाट्यावर वरवंट्यानं ते फोडायची. बारीक पीठ नाही करायचं, ज्वारीच्या दाण्याएवढं ठेवायचं. दाणा सारखा असला तरच मुठीत मीठ सारखं बसतं. तिच्या बोटांना भेगा. त्या भेगांत मीठ गेलं की ती दातांतून स्स् करायची आणि परत वरवंटा ओढायची.

"पाकिटातलं आणूया की आत्ती. पांढरंशुभ्र असतं," मी म्हटलं.

"त्येचा हाताला अंदाज येत न्हाय, मोने. बोटातनं पळतंय."

तेवढ्यात केरबाआण्णा आले. उन्हातनं आलेले, टोपी हातात. पाणी प्यायले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "बायडा, चार वाजता चावडीवर बलीवलंय तुला. अमरसिंहानं."

अमरसिंह म्हणजे उरूस कमिटीचा नवा अध्यक्ष. वय तिशीच्या आतबाहेर, ट्रॅक्टरचं शोरूम काढायच्या विचारात, मोबाइल दोन. वाईट माणूस नाही. पण नवीन पद मिळालं की माणसाला काहीतरी सुधारायचंच असतं.

चावडीवर पंधरा-वीस जण होते. आम्हांला कुणी बसा म्हटलं नाही. नजीराचाची आधीच येऊन खांबाला टेकून उभी होती.

"काकू, राग मानू नका," अमरसिंह म्हणाला. "पण गेल्या उरसात पोरांनी बघितलंय. मीठ टाकताना तुमी पातेल्यावर वाकून कायतरी पुटपुटता. काय म्हणता?"

आता दिवस कसले आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढ्याशा गोष्टीवरनं कुठल्या कुठं जातं. आमच्या दाराला एका कडीशिवाय दुसरी कडीसुद्धा नाही.

म्हातारे गणपतराव मध्ये पडले. उरसाचे जुने मानकरी, आत्तीला त्यांनीच या कामावर घेतलेलं. "आरं, मोजत आसंल ती. किती मुठी टाकल्या त्ये ध्यानात नगं ऱ्हायला? व्हय न्हवं, बायडाबाई? मोजतीस न्हवं?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं आणि घरी यायचं.

"मोजतो की, मालक," आत्ती म्हणाली.

"बघ! मी म्हटलं न्हवं!"

"पन आकड्यानं न्हाय मोजत. आकडं माझं चुकत्यात. मी प्रभूच्या प्रार्थनेनं मोजतो. एक वाक्य, एक मूठ. वाक्य धा, मुठी धा. प्रार्थना सपली की मीठ सपलं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती प्रार्थना मी तीन वर्षांची असल्यापासून घडाघडा म्हणतेय. तिची दहा वाक्यं होतात, हे मी कधी मोजलं नव्हतं. आणि तिच्यात मटणाच्या एका पातेल्याचं मीठ बसतं, हे तर माझ्या वडिलांनाही माहीत नसणार.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अमरसिंह हसला नाही. "म्हंजे आमच्या पिराच्या जेवणात तुमी तुमची प्रार्थना घालता."

"तुमच्या जेवणात मी मीठ घालतो. प्रार्थना माझ्या त्वांडात ऱ्हाती."

"आन् मी बिस्मिल्ला म्हणून मिरची कुटतो, त्येचं काय?" नजीराचाची खांबापासनं ओरडली. "मलाबी काढा की मग!"

"चाची, पीर तुमचाच हाय," अमरसिंह वैतागून म्हणाला, आणि सगळे हसले. पण हसून विषय मिटला नाही. शेवटी त्यानं निकाल दिला. "ह्या वर्षी मीठ आमच्या घरातनं पडंल. आमची वर्षाराणी टाकंल. काकू, तुमी कांद्याला बसा."

गणपतराव खाली बघत काठीनं जमीन उकरत राहिले. आत्ती म्हणाली, "बरं." आणि वळली.

गावात मान एकदा सुटला की सुटला. परत कुणी आणून देत नाही. हे मला कळत होतं, तर तिला कळत नसेल?

घरी येईपर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं. उंबरा ओलांडला आणि सुटले. "काय बिघडलं असतं नुसतं 'व्हय' म्हणायला? खोटंही नव्हतं ते! मोजताच की तुम्ही! आता बसा कांदा चिरत गावासमोर. आणि जायचंच कशाला कांद्याला? घरात बसूया!"

माजघराच्या कोपऱ्यात मिठाचं जुनं पोतं होतं, गेल्या पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली भिजलेलं. तिनं त्याच्या तळात हात घातला आणि मूठभर काढून माझ्यापुढं धरलं. पांढरं, खडेदार.

"खा."

मी चिमूट जिभेवर ठेवली. खडूची भुकटी. खारटपणाचा मागमूस नाही. मी परत ठेवली, परत तेच.

"ह्यातलं मीठ पाण्याबरोबर गेलं व्हाऊन. ऱ्हायलं त्ये नुसतं दिसायला मीठ," ती म्हणाली. "शेणखतातबी घालाय येत न्हाय. परवा मी मोरीच्या चिखलात टाकलं दारात, घसरू नये म्हणून. 'व्हय' म्हटलं असतं तर चुलीम्होरं मीच उभी ऱ्हायली असती, मोने. पन अशी."

खरं सांगते, त्या वचनावर बोलून मी बक्षीस आणलं, पण त्यातलं 'मीठ अळणी झालं, तर ते माणसांच्या पायाखाली तुडवलं जातं' म्हणजे काय, ते मला कधीच कळलं नव्हतं. मीठ कसं अळणी होईल? पाळकांना विचारलं तर म्हणाले, ते दृष्टांताचं बोलणं आहे. दृष्टांत कसला? माझ्या सासूच्या माजघरात पोतंभर पडलेलं होतं.

उरसाच्या दिवशी फटफटीत व्हायच्या आत आम्ही पटांगणात होतो. केरबाआण्णांनी पाच चुली रचल्या होत्या. दोन मोठ्या, धगीच्या. दोन मंद, निखाऱ्याच्या. आणि बाजूला एक लहान, निवदाच्या पातेल्याची. आत्ती फाटक्या पोत्यावर विळी घेऊन बसली. ताटाला लावायचा कांदा, पोत्यामागं पोतं. मी शेजारी सोलायला. नऊ वाजेस्तोवर दोघींचे डोळे लाल, नाकं वाहतायत, आणि येणारी-जाणारी बाई थबकून बघतेय. एक तर म्हणाली, "बायडाबाई, आज हिकडं व्हय?" जसं काही तिला माहीतच नव्हतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ती म्हणाली, "आज हिकडं," आणि कांदा चिरत राहिली.

वर्षाराणी, अमरसिंहाची बायको, दहा वाजता आली. माझ्याच वयाची, जरीकाठी साडी, हातात मिठाची पाच पाकिटं. अमरसिंहानं मोबाइलवर हिशोब करून दिला होता: मोठ्या पातेल्याला एक पाकीट, निवदाच्याला अर्धं. बिचारी घाबरली होती. आधी धगीच्या चुलींवरच्या दोन पातेल्यांत तिनं एकेक पाकीट रिकामं केलं, बरोबर केलं. तेवढ्यात मांडवातून बोलावणं आलं, पावणं आल्यात, बायकांची ओटी भरायला या. ती गेली.

ती गेली आणि केरबाआण्णांनी नेहमीचं काम केलं. धगीवरची दोन पातेली उकळली होती, ती कांबी घालून मंद चुलींवर सरकवली आणि मंद चुलींवरची धगीवर घेतली. बावीस वर्षं ते हेच करतात. पातेली जागा बदलतात, हे आत्तीला माहीत. ती चूल बघत नाही, पातेलं बघते. कुठल्याचा काठ दबलाय, कुठल्याला डाग दिलाय.

वर्षाराणी परत आली, पदर सावरला, आणि मंद चुलींवरच्या पातेल्यांशी जाऊन फटाफट दोन पाकिटं ओतली.

"आगं आगं, थांब!" आत्ती विळीवरनं उठली, पण दुसरं पाकीटही तोवर खाली झालं होतं. "तीच पातेली हाईत ती! हलीवल्यात!"

वर्षाराणीला कळायला क्षणभर लागलं. मग तिचा चेहराच पांढरा पडला. दोन पातेल्यांत दुप्पट मीठ, दोनांत अजिबात नाही, आणि पंगती बसायला दीड तास. "काकू," ती एवढंच म्हणाली.

मी खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात गार वाटलं. मी आत्तीचा पदर ओढला. "गप बसा. होऊ दे खारट. कळू दे गावाला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर सोडला.

"पाचशे मान्सं ताटावरनं उठवायची? आपल्या कांद्यापायी?"

तिनं राखेनं हात घासले, पदर कमरेला खोचला आणि हाक दिली, "नजीरा, बादल्या आण. आण्णा, झाकणं काढा. मोने, तू हिकडं ये, बघत काय बसलीस!"

मग आम्ही पाच जणांनी जे केलं ते सांगायला सोपं आहे. खारट पातेल्यातलं निम्मं काढून अळणी पातेल्यात, अळणीतलं निम्मं खारटात. रटरटता रस्सा, स्टीलच्या बादल्या, कडी हाताला चटका देणारी. वर्षाराणीची जरीकाठी साडी गुडघ्यापर्यंत तांबडी झाली. केरबाआण्णांच्या मनगटावर रस्सा उडाला, त्यांनी शिवी हासडली आणि बादली सोडली नाही. आत्ती मधे उभी राहून सांगत होती. "आता ह्यातलं. खालनं ढवळ, मीठ तळाला बसतंय. अजून एक बादली. बास!" इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

आणि अमरसिंह आला. मागं चार-पाच जण, गणपतरावही काठी टेकत.

"काकू! तुमाला पातेल्याकडं यायला कुणी सांगितलं?"

आत्तीनं तोंड उघडायच्या आत वर्षाराणी पुढं झाली. घामानं कुंकू पसरलेलं, हात कोपरापर्यंत लाल. "मी सांगितलं. मी दोन पातेल्यांत दोनदा मीठ टाकलं. ही बाई उठली नसती, तर आज तुमी काय जेवायला घातलं असतं गावाला?"

नवऱ्याशी चार माणसांत असं बोलायला छातीच लागते. अमरसिंह तिच्याकडं बघत राहिला. मग पातेल्यांकडं, मग आत्तीकडं.

निवदाचं लहान पातेलं अजून बिनमिठाचं होतं. दर्ग्यातून मुजावराचा निरोप आला, निवद आणा. वर्षाराणीनं शेवटचं पाकीट दूर सारलं. "मी हात लावणार न्हाय. काकू टाकतील."

अमरसिंहानं ओठ आवळले. चार माणसं बघतायत. "बरं," तो म्हणाला. "टाका काकू. पण तोंड मिटून."

मी मनातल्या मनात आत्तीच्या पाया पडत होते. टाका हो. मिटा तोंड. मनात म्हणा, कुणाला कळतंय? मान परत मिळतोय, घ्या.

आत्तीनं सवयीनं बरोबर आणलेलं घरचं मीठ ताटात काढलं होतं. ते ताट तिनं चुलीपाशी खाली ठेवलं.

"मालक, मग माझ्याकडं माप न्हाय. व्हटावर म्हटलं तरच हात त्येच्या संगट चालतोय. उगं अंदाजानं टाकायचं आन् पिराम्होरं चुकीचं ठिवायचं, ह्ये माझ्याकडनं करून घिऊ नगासा." आणि ती जाऊन विळीवर बसली. कांदा उचलला.

अमरसिंहानं केरबाआण्णांकडं बघितलं. ते चूल फुंकायला लागले. नजीराचाचीनं पाठच फिरवली. शेवटी तो स्वतःच पुढं झाला, बाह्या सारल्या, मूठभर मीठ घेऊन पातेल्यावर हात धरला. वाफ तोंडावर येतेय, मूठ बंद. एक मूठ? दोन? चाखता येत नाही. मोबाइल खिशात. मुठीला घाम सुटून मीठ ओलं व्हायला लागलं, पण मूठ काही उघडेना.

दर्ग्यातून परत हाक आली.

त्यानं हात मागं घेतला आणि मीठ ताटात सोडलं. "काकू, या," तो म्हणाला. मग, आपलं काहीतरी राहावं म्हणून असेल, आवाज चढवून म्हणाला, "आन् मोठ्यानं म्हणा. काय म्हणता त्ये समद्यास्नी ऐकू दे."

आत्ती आली. आधी तिला जमेना. माणसांत मोठ्यानं बोलायची सवय नाही, तिचे कान लाल झाले. मग तिनं लहान पातेल्याच्या मापानं अर्धी मूठ भरली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "आमच्या बापा..." मीठ पडलं. पुढचं वाक्य, पुढची अर्धी मूठ. "आजची भाकर आज आमाला दे." मीठ पडलं. "आमचं चुकलं-माकलं माफ कर, जसं आमी दुसऱ्याचं केलं." तिचा हात तिथं थबकला नाही, तिनं डोळे उघडून कुणाकडं बघितलं नाही. मागल्या मुठीएवढंच मीठ पडलं. अमरसिंहानं मात्र मान खाली घातली.

शेवटची दोन वाक्यं राहिली तेव्हा आणखी एक घोगरा आवाज तिच्याबरोबर यायला लागला. केरबाआण्णा! लाकडं सारता सारता, न अडखळता, पार आमेनपर्यंत. आणि लगेच म्हणाले, "झाकण!"

"आण्णा," कुणीतरी म्हणालं, "तुमी कधी बाटलासा?"

"बाटतोय कशाला, भाड्या! बावीस वर्सं हिच्या शेजारी चूल लावतोय. पाठ हुणार न्हाय व्हय?" त्यांनी डोळ्यांतला धूर पुसला. "ती सपली की झाकण घालायचं, एवढं मला ठावं हाय."

सगळं पटांगण हसलं. अमरसिंहसुद्धा, जरा उशिरा. निवद दर्ग्यात गेला.

पंगती चार वाजेपर्यंत चालल्या. अमरसिंह शेवटच्या पंगतीला बसला आणि तीनदा रस्सा मागून घेतला. हात धुताना गणपतरावांनी त्याला विचारलं, "फुडल्या वर्षी मीठ कुणाकडं?"

"हाय तिथंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. वर्षाराणी नळापाशी साडीचे डाग चोळत होती. तिनं तिथूनच सांगितलं, "मी शेजारी उभी ऱ्हाणार. शिकायला."

मीही जेवले. आधीच्या दोन उरसांत मी तिथं ताटावर बसले नव्हते. शहरातली ख्रिस्तीण ना मी, पिराचं कशाला खाईन! त्या दिवशी बसले आणि पोटभर जेवले.

आत्ती जेवली नव्हती. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास चालू होता, त्यात ती मटण खात नाही. घरी आल्यावर भाकरी आणि खर्डा घेऊन ती उंबऱ्याशी बसली. बोटांच्या भेगा फुगलेल्या, डोळे अजून कांद्यानं लाल. एक घास खाल्ला. मग माझ्याकडं न बघता, जरा चाचरत, तिनं विचारलं. बावीस वर्षं दर उरसाला घरच्यांना विचारत आली असेल, पण मला पहिल्यांदाच.

"मोने, मीठ कसं झालतं गं?"

मी आठवून बघितलं. तिखट आठवलं. नजीराचाचीचा मसाला आठवला. मटण कसं मऊ शिजलं होतं, ते आठवलं. मिठाचं काहीच आठवेना.

"आत्ती," मी म्हटलं, "मीठ कळलंच न्हाय मला."

ती हसली. पुढचा घास मोडला आणि म्हणाली, "मग बरोबर पडलं."